गुळाची ढेप आणि भूकंपाचा हिशेब



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

मी मार्केट यार्डाच्या परिसरातल्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं यार्डात हमाली, तोलाई, निवडाई करणाऱ्या घरांतली. कुणाचं गाव लातूरकडं, कुणाचं धाराशिवकडं, कुणाचं पाटण खोऱ्यात. मार्च २०२४ मध्ये हिंगोली भागात सकाळी सकाळी ४.५ चा भूकंपाचा धक्का बसला. नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. त्यानंतर एक पालक मुलाला सोडायला आले आणि दारातच थांबले. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, सासुरवाडी हिंगोलीकडची. १९९३ साली ते आमच्या वर्गातल्या मुलांएवढेच होते.

"बाई, एक विचारू का? आमच्याकडं म्हणतेत, बारके बारके धक्के बसले की जमिनीचा जोर निघून जातो, मग मोठा येत नाही. खरं हाय का?"

मी म्हटलं, "हो, तसंच असतं. काळजी करू नका."

आणि त्याच दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गातही तेच सांगितलं. कुकरच्या शिट्टीचं उदाहरण देऊन! थोडी थोडी वाफ जाते म्हणून कुकर फुटत नाही, तसंच. मुलांना पटलं, मलाही पटलं होतं. मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्येही हेच असतं.

पण घरी गेल्यावर वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर सांगितलं? त्या माणसाने मोठा भूकंप डोळ्यांनी पाहिलाय. त्याला धीर देणं वेगळं आणि चुकीचं सांगणं वेगळं. मग वाचायला बसले, वहीत गुणाकार-भागाकार केले आणि लक्षात आलं, की माझं उत्तर चुकीचं होतं. ते का चुकीचं होतं हे चौथी-पाचवीच्या गणितात समजतं. तेच आज तुम्हाला सांगते.

ढेप फोडून बघू या

दुसऱ्या दिवशी येताना भुसार विभागातून गुळाची एक ढेप घेऊन गेले. जरा जुना, कडक गूळ मुद्दाम मागितला. दुकानदार म्हणाले, "बाई, मऊ घ्या, चांगला आहे." म्हटलं, खायला नको, शिकवायला पाहिजे.

वर्गात स्वच्छ कापडावर ढेप ठेवली आणि वर बत्ता घातला. ठण्ण! मुलांना सांगितलं, आता तुकडे आकाराप्रमाणे लावा. मोठा एकच निघाला. मुठीएवढे दोन-चार. सुपारीएवढे बरेच. हरभऱ्याएवढे मोजता मोजता मुलं दमली. आणि चाळणीतून जो भुगा खाली पडला तो कुणी मोजायलाच तयार होईना.

आता बघा हं, यात एक गंमत आहे. वर्गातल्या मुलांची उंची मोजली तर बहुतेक सगळी सरासरीच्या आसपास येतात. एखादा उंच, एखादी बुटकी, पण दुसऱ्याच्या दहापट उंच मूल कुठल्याच वर्गात नसतं. म्हणून "मुलांची सरासरी उंची" या शब्दांना अर्थ आहे. गुळाच्या तुकड्यांचं तसं नाही. तिथे मोठा तुकडा लहानाच्या दहापट, शंभरपट, हजारपट असतो. "गुळाचा सरासरी तुकडा" म्हणजे नक्की कुठला? सांगताच येत नाही. तिथे सरासरी कामाला येत नाही, तिथे प्रमाण कामाला येतं. आकार इतक्या पटीने लहान झाला, की संख्या इतक्या पटीने वाढते. मोठ्यांकडून मध्यमांकडे जा किंवा छोट्यांकडून भुग्याकडे जा, पट साधारण तीच राहते.

अशा नियमाला शास्त्रज्ञ घातांकाचा नियम म्हणतात. आपण सोप्या भाषेत "पटीचा नियम" म्हणू या.

दगडाचंही असंच असतं. भूशास्त्राच्या पुस्तकात खडकाच्या फोटोत शेजारी हातोडी किंवा नाणं ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. का ठेवतात? कारण ते नसेल तर समोरची भेग बोटभर आहे की मैलभर, हे फोटोवरून ओळखता येत नाही. लहान भेग आणि मोठी भेग दिसायला सारखीच. भूकंप म्हणजे तरी काय, जमिनीच्या पोटातल्या भेगेवर खडक एकदम सरकणं. मग भूकंपांनाही पटीचा नियम लागू पडला तर त्यात नवल नाही.

पहिला नियम: एक पायरी खाली, दहापट जास्त

हा नियम अमेरिकेत कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जातो, बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर. रिश्टर यांनी १९३५ साली भूकंप मोजायची पट्टी दिली. पुढे १९४४ मध्ये दोघांनी मिळून दाखवलं, की कुठल्याही मोठ्या प्रदेशातले भूकंप पुरेसा काळ मोजत राहिलं, तर आकडा एकने कमी झाला की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते.

जगाचं बघा. सरासरीने वर्षाला ८ किंवा त्याहून मोठा भूकंप एखादा. ७ ते ८ मधले पंधराच्या आसपास. ६ ते ७ मधले सव्वाशे-दीडशे. ५ ते ६ मधले तेराशेच्या घरात. एक, पंधरा, सव्वाशे, तेराशे. म्हणजे ही तर आपली एकक, दशक, शतक, हजारची घरंच झाली की!

पण जग कशाला, आपल्या कोयनेचंच बघा. १९६२ च्या सुमारास कोयना धरणात पाणी साठायला लागलं आणि त्या परिसरात धक्के बसायला लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या पुढे ६.३ चा मोठा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दोनशेच्या आसपास माणसं गेली. पुण्या-मुंबईपर्यंत जमीन हलली. आमच्या शाळेतल्या पाटणकडच्या एका मुलीची पणजी अजून त्या पहाटेबद्दल सांगते म्हणे. तेव्हापासून तिथे धक्के थांबलेले नाहीत, म्हणूनच जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचा अभ्यास करतात. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण पन्नास वर्षांची जी मोजदाद मांडली, ती अशी:

६ किंवा त्याहून मोठा: १
५ किंवा त्याहून मोठे: २२
४ किंवा त्याहून मोठे: सुमारे २००
त्याहून लहान: कित्येक हजार

हे सगळं अवघ्या २० किलोमीटर गुणिले ३० किलोमीटरच्या पट्ट्यात. २२ आणि २००, जवळजवळ दहापट. वर मात्र २२ आणि १, बरोबर दहा नाही. कारण जिथे मोजायला एक-दोनच असतात तिथे नियम थोडा इकडे-तिकडे होणारच. गुळाच्या ढेपेतही सगळ्यात मोठा तुकडा एक निघेल की दोन हे आधी सांगता येत नाही, पण हरभऱ्याएवढे पुष्कळ निघणार हे छातीठोक सांगता येतं.

दुसरा नियम: एक पायरी वर, बत्तीसपट जोर

आता रिश्टरचा आकडा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं, ६ चा भूकंप म्हणजे ३ च्या दुप्पट. नाही हो! हा आकडा म्हणजे शून्यं मोजण्याची पद्धत आहे. १० मध्ये एक शून्य, १०० मध्ये दोन, १००० मध्ये तीन. यंत्रावर उमटणारी रेघ दहापट हलली की रिश्टरचा आकडा फक्त एकने वाढतो. हल्ली शास्त्रज्ञ मूळ रिश्टर पट्टी फारशी वापरत नाहीत. १९७९ पासून भेगेवर किती खडक किती सरकला यावरून काढलेला आकडा वापरतात. वर्तमानपत्रं मात्र अजून "रिश्टर"च लिहितात. पायऱ्यांची रीत दोन्हीकडे तीच.

रेघ दहापट, पण बाहेर पडणारी ऊर्जा? ती एका पायरीला साधारण ३२ पट वाढते. दोन पायऱ्यांना ३२ गुणिले ३२, म्हणजे जवळपास १०००.

हा हजार कुठून आला? गणित पेटीतले ठोकळे काढा. एक ठोकळा ठेवा. आता त्याच्या दहापट लांब, दहापट रुंद, दहापट उंच ठोकळा रचायचा तर किती ठोकळे लागतील? १० गुणिले १० गुणिले १०, बरोबर १०००. भूकंपातही तीन गोष्टी एकदम वाढतात. जी भेग सरकते तिची लांबी, तिची खोली आणि तिच्यावर खडक किती सरकला ते अंतर. मोठ्या भूकंपात तिन्ही गोष्टी साधारण सारख्याच पटीने वाढतात. तिन्ही दहापट झाल्या की भूकंप हजारपट, म्हणजे रिश्टरवर दोन पायऱ्या वर. एका पायरीला प्रत्येक गोष्ट तीनपटीहून थोडी जास्त वाढते. ३ गुणिले ३ गुणिले ३ म्हणजे २७, आणि ते "थोडं जास्त" धरलं की ३२. अतिशय मोठ्या भूकंपात भेगेची खोली एका मर्यादेपलीकडे वाढू शकत नाही, तिथे हा सोपा हिशेब जरा बदलतो. पण आपल्याकडच्या भूकंपांना तो चालतो.

यार्डातल्या मुलांना ठोकळ्यांपेक्षा वजन लवकर कळतं. म्हणून फळ्यावर असं मांडलं. समजा, ४ चा भूकंप म्हणजे एक किलो ज्वारी. मग:

२ चा भूकंप: एक ग्रॅम, चिमूटभर
३ चा: बत्तीसेक ग्रॅम, लहान मूठ
४ चा: एक किलो
५ चा: ३२ किलो
६ चा: एक टन, म्हणजे पन्नास किलोची २० पोती
७ चा: ३२ टन
८ चा: हजार टन, म्हणजे दहा टनी ट्रक शंभर

"बाई, शंभर ट्रक आले तर यार्डाचं गेट जाम होतं!" एक मुलगा ओरडला. म्हटलं, झालं. तुला रिश्टर स्केल कळलं.

याच तराजूत आपले ओळखीचे भूकंप घालू. हिंगोलीचा ४.५ म्हणजे साडेपाच-सहा किलो. कोयनेचा ६.३ म्हणजे पावणेतीन टनांच्या थोडा वर. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ म्हणजे दोन टन. आणि २६ जानेवारी २००१ चा भूजचा ७.७ म्हणजे साडेतीनशे टन! किल्लारी आणि भूज यांच्या आकड्यांत फरक दीडचा, पण ऊर्जेत फरक पावणेदोनशे पटींचा.

आता दोन्ही नियम एकत्र, आणि माझी चूक

इथे त्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बारक्या धक्क्यांनी जोर निघून जायचा असेल तर एका किल्लारीएवढा जोर काढायला हिंगोलीसारखे किती धक्के लागतील? २००० किलोला साडेपाच-सहा किलोने भागा. उत्तर साधारण साडेतीनशे. ६ चा एक भूकंप "टाळायला" ४ चे एक हजार धक्के लागतील. ३ चे तर बत्तीस हजार.

आणि निसर्ग देतो किती? पहिला नियम आठवा. ६ चा एक होतो तेवढ्या काळात ५ चे दहा, ४ चे शंभर, ३ चे हजार. आता ज्वारी मोजू:

५ चे दहा: ३२० किलो
४ चे शंभर: १०० किलो
३ चे हजार: ३२ किलो
२ चे दहा हजार: १० किलो

खालचे सगळे मिळवले तरी पाचशे किलोसुद्धा भरत नाहीत. एकटा ६ चा मात्र हजार किलोचा. संख्या बारक्यांची जास्त, पण वजन मोठ्याकडेच. पायरी उतरताना संख्या दहापटीनेच वाढते आणि जोर मात्र बत्तीसपटीने घटतो, म्हणून बारक्यांची बेरीज मोठ्याला कधी गाठतच नाही.

उलट बाजूनेही बघा. एखाद्या ठिकाणी ४ चे हजार धक्के झालेच, तर नियमाप्रमाणे तिथे तेवढ्या काळात ६ चे दहाएक भूकंपही झालेले असणार! म्हणजे बारके धक्के मोठ्याच्या बदल्यात येत नाहीत, ते मोठ्याच्या जोडीने येतात. कुकरच्या शिट्टीचं माझं उदाहरण इथेच फसलं. कुकरची शिट्टी खरोखर बरीच वाफ सोडते. भूकंपाची शिट्टी चिमूटभर सोडते.

मग काय, बारके धक्के बसले म्हणजे मोठा येणारच? नाही, तेही खरं नाही. ही दुसरी अफवा पहिलीपेक्षा जास्त घबराट पसरवते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून बारक्या धक्क्यांची रांग लागली होती. लोक थंडीत घराबाहेर झोपले. धक्के पुष्कळ झाले, पण मोठा भूकंप आला नाही. किल्लारीकडे मात्र १९९२ मध्ये, म्हणजे आदल्या वर्षी, बारके धक्के जाणवले होते आणि पुढच्या वर्षी मोठा आला. दोन्ही ठिकाणचे बारके धक्के दिसायला सारखेच होते. भेग सरकायला लागली की ती बोटभर जाऊन थांबेल की दहा किलोमीटर जाईल, हे सुरुवातीला ओळखता येत नाही. म्हणूनच पटीचा नियम किती होतील हे सांगतो, केव्हा होतील हे सांगत नाही. "अमुक तारखेला भूकंप" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका, एवढं तरी आपण शिक्षकांनी नक्की करावं.

तिसरा नियम: मोठा होऊन गेल्यावर

हा नियम चौथीच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडला, कारण यात फक्त भागाकार आहे.

२८ ऑक्टोबर १८९१ ला जपानमध्ये नोबी प्रांतात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर रोज किती धक्के बसतात याची नोंद फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञाने तपासली आणि १८९४ मध्ये नियम मांडला. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के दिवसांच्या पटीने कमी होत जातात. समजा पहिल्या दिवशी १०० बसले. तर दुसऱ्या दिवशी १०० भागिले २, म्हणजे ५०. चौथ्या दिवशी २५. दहाव्या दिवशी १०. शंभराव्या दिवशी १. आकडे समजण्यापुरते आहेत, पण उतरण अशीच असते. नोबीचे धक्के तर शंभर वर्षांनीही याच उताराला धरून मोजता येत होते!

यात पालकांनी लक्षात ठेवण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

एक, सुरुवातीला धक्के भराभर कमी होतात, पण नंतर रेंगाळतात. वहीत बेरीज करून पाहा. दुसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत जेवढे धक्के, जवळपास तेवढेच अकराव्या ते शंभराव्या दिवसापर्यंत. म्हणून "आठवडा झाला, आता संपलं" असं म्हणून तडा गेलेल्या घरात परत झोपायला जायचं नाही.

दोन, दिवसांबरोबर धक्क्यांची संख्या कमी होते, आकार कमी होईलच असं नाही. स्वीडनचे मार्कुस बोथ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अंदाज आहे. नंतरच्या धक्क्यांतला सगळ्यात मोठा हा मुख्य भूकंपापेक्षा साधारण १.२ ने लहान असतो. म्हणजे ६.२ नंतर ५ चा येऊ शकतो. आपल्या तराजूत ३२ किलो. दोन टनांपुढे तो किरकोळ वाटेल, पण आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंतीला तेवढा पुरतो. आणि क्वचित असंही होतं, की नंतरचाच मोठा निघतो आणि ज्याला आपण मुख्य समजलो तो आधीचा ठरतो.

नियम जमिनीचे, भिंती आपल्या

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोयना ६.३, किल्लारी ६.२. ज्वारीत मोजलं तर कोयनेचा थोडा जास्तच. पण कोयनेत माणसं गेली दोनशेच्या आसपास आणि किल्लारीत आठ ते दहा हजार. असं का?

किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. तो सगळा भाग दाट वस्तीच्या गावांचा. आणि घरं? जाड दगडी भिंती, दगडांमध्ये सिमेंट नव्हे तर माती, आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार, पण जमीन हलली की भिंत फुगून बाहेर पडते आणि मातीचं सगळं ओझं खाली झोपलेल्या माणसावर येतं. शिवाय हा भाग त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे घर बांधताना भूकंपाचा विचार कोण करणार?

पटीचा नियम इथे आपल्याला शहाणं करतो. मोठे भूकंप विरळ असतात म्हणजे नसतात असं नाही. एका माणसाच्या आयुष्यात एखाद्या जागी मोठा भूकंप आला नाही, तर त्याला वाटतं, आमच्याकडे येतच नाही. गुळाच्या चार तुकड्यांवरून ढेपेचा अंदाज लावण्यासारखंच आहे हे. आपली आठवण ऐंशी वर्षांची, जमिनीचा हिशेब हजारो वर्षांचा.

वर्गात काय घेता येईल

दुसरी-तिसरीला गुळाची ढेप फोडा, तुकडे चार गटांत लावा, मोजा, स्तंभालेख काढा. शेवटी गूळ वाटून टाका, हा भाग मुलं विसरत नाहीत.

चौथीला ओमोरींचा भागाकार. १०० ला १ ते १० ने भागून आलेख काढायला लावा. उतरण आधी उभी, मग आडवी होत जाते हे मुलं स्वतः बघतात.

पाचवीला ठोकळे आणि ज्वारी. आपल्या गावाजवळच्या एखाद्या भूकंपाचं "वजन" काढायला सांगा. एक पायरी ३२, दोन पायऱ्या १०००, एवढं पुरे.

आणि सगळ्यांना सराव: धक्का जाणवला की खाली बसा, मजबूत बाकाखाली शिरा, बाकाचा पाय घट्ट धरा. हलणं थांबल्यावर रांगेत मैदानात. हा सराव वर्षातून एकदाच नको, मधूनमधून घ्या.

शेवटी

गूळ फोडला त्याच दिवशी मी वर्गाला सांगितलं, "काल बाईंनी चुकीचं सांगितलं होतं. आज आपण ते दुरुस्त करू." मुलांना त्याचं काही वाटलं नाही. एकीने तर वहीतली कालची ओळ खोडून शेजारी लिहिलं, "बाईंची चूक, बरोबर केली." मला जरा लाज वाटली, पण बरंही वाटलं.

त्या पालकांना गाठायला दोन दिवस लागले. गाड्या उतरवायचं काम पहाटेच असतं, मुलाला सोडायला आजी येत होती. तिसऱ्या दिवशी भेटले. मी म्हटलं, "दादा, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. बारक्या धक्क्यांनी मोठा टळत नाही." आणि पोत्यांचा हिशेब सांगितला. दोन टन आणि साडेपाच किलो. ते रोज वजनातच वावरतात, एका मिनिटात समजलं त्यांना.

थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी बाई, धक्क्याकडं बघून काय उपेग नाही. घराकडं बघाय पाहिजे."

इतकी पानं वाचून मी जिथे पोचले होते, तिथे ते एका वाक्यात पोचले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने वर्गात सांगितलं, की पप्पांनी घरातली लोखंडी पेटी फळीवरून खाली काढली. ती फळी मुलं झोपतात त्याच्या बरोब्बर वर होती. आणि गावाकडे काकांना फोन करून मागच्या भिंतीचा तडा गवंड्याला दाखवायला सांगितलं.

आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा बघा, तुमची मुलं झोपतात त्यांच्या डोक्यावर काय ठेवलंय.